करंगळी आणि हिरवं बटण

कीबोर्डकडे बघून टाइप करणाऱ्या माणसाला मी माणसांत धरत नाही. भोरला माझा टायपिंगचा क्लास आहे आणि तिथे पहिल्या दिवसापासून बटणांवर रुमाल टाकून शिकवतो. त्यामुळे विंझरच्या कबड्डी मंडळाला गुणफलकाचा जुना कॉम्प्युटर चालवायला माणूस हवाय हे कळताच मी छातीठोकपणे सांगितलं, "डोळे मिटून चालवतो."

खरं कारण जावईबापू होते. आमचे इंद्रजितराव विंझरचे कप्तान. लग्नात त्यांच्या मित्रांच्या पंगतीला जिलेबी संपली, तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. ते येत नाहीत म्हणून स्नेहलही माहेरी यायची बंद झाली. लेकीवाचून घर खायला उठायचं. हिर्डोशी गावाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांच्या डोळ्यांदेखत सेवा करावी आणि दोन शब्द व्हावेत, एवढीच आशा होती.

मैदानात ते यंत्र बघितलं. शहरातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाचं भंगार. बटणांवर अक्षर नावाला नाही. लाल बटणं हिर्डोशीची, निळी विंझरची, आकडे नवापासून उलटे. आणि उजव्या कडेला, जिथे भल्या माणसांच्या कीबोर्डवर एंटर असतं, तिथे एक जाडजूड हिरवं बटण.

"हे कशाचं?"

"भोंग्याचं," पंच हनुमंतराव म्हणाले. "येळ संपल्याबिगर दाबायचं न्हाई, सर."

मी दाबणार नव्हतोच. पण माझ्या करंगळीला कोण सांगणार? आकडा टाकला की एंटर, ही तिची जन्माची सवय. हिर्डोशीचा पहिला गुण टाकला आणि भोंगा वाजला. खेळाडू पाणी प्यायला निघून गेले. त्यांना हाका मारून आणलं. विंझरचा गुण टाकला, पुन्हा भोंगा. चहावाल्याला वाटलं मध्यंतर झालं. तो कपांचा ट्रे घेऊन थेट चढाईच्या मधे.

"सर, बटणं बघून दाबा की वो," हनुमंतराव कळवळून म्हणाले.

बघून दाबायला गेलो तर बोटांना काही सुचेचना. हिर्डोशीचे गुण विंझरला गेले, विंझरचे हिर्डोशीला, आणि दोन्ही गावं टेबलाभोवती जमली. शेवटी मी करंगळी शेजारच्या बोटाला रुमालाने बांधून टाकली. हनुमंतरावांनी जाहीर केलं, "भोंग्याकडं कुणी ध्यान दिऊ नगा. म्या शिट्टी मारीन तवाच खेळ थांबल."

सगळ्यांनी ऐकलं. अंगाला माती चोळत असलेल्या जावईबापूंनी मात्र ऐकलं नसावं.

गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई इंद्रजितरावांची. काय झेप घेतली पोरानं! एकाला शिवून ते माघारी वळले. मध्यरेषा हातभर राहिली असेल. माझं ऊर भरून आलं आणि मी घाईने विंझरचा गुण टाकला. करंगळी खाली गेली, तिच्यासोबत बांधलेलं बोटही गेलं.

भोंगा ऐकून जावईबापू जागीच थांबले. फलकावर गुण चढलेला बघून, जिंकलो म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले. त्यावर अख्खी हिर्डोशी त्यांच्या अंगावर पडली. मग शिट्टी वाजली आणि चषक वरंध्याच्या वाटेने हिर्डोशीला गेला.

मी तसाच बसून राहिलो, हात बटणांवर. धुळीने माखलेले इंद्रजितराव टेबलापाशी आले. मागे स्नेहल उभी.

"मामा," ते म्हणाले.

लग्नानंतरचा पहिला शब्द. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, तुमास्नी येक सांगायचंय."

वाक्य संपलं. आणि वाक्य संपलं की माझी करंगळी खाली जाते.

या वेळी बटण आतच अडकलं. भोंगा थांबेना. जावईबापूंचे ओठ हलत राहिले, नंतर हातही हलायला लागले. कुणीतरी वायर उपटली तेव्हा त्यांचं बोलून झालं होतं आणि ते वाटेला लागले होते.

"काय म्हणाले गं?" मी स्नेहलला विचारलं.

पोरगी खाली बघत म्हणाली, "बरं झालं बाबा, भोंगा वाजत होता."