भोयर सरांचं खरं उदाहरण

आमच्या गल्लीत कोणाची काय फजिती झाली हे कळायला पेपर लागत नाही. भोयर सरांच्या कंपाउंडवरचा फळा वाचला की झालं.

सर इंग्रजीचे. रिटायर होताना शाळेनं शाल-श्रीफळ दिलं, तर यांनी वरून मोडीतला फळा मागून घेतला! तेव्हापासून रोज सकाळी त्यावर एक फ्रेजल व्हर्ब, तिचा मराठी अर्थ आणि एक वाक्य. वाक्यात गल्लीतलंच माणूस, नावासकट. का, तर म्हणे, "उदाहरण खरं पायजे, बाबू. खोटं उदाहरण डोक्यात टिकत नाई."

'पुट ऑफ : पुढे ढकलणे. प्रमोद हॅज पुट ऑफ पेंटिंग हिज हाउस.' हा प्रमोद म्हणजे मी. बायकोनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. मी ओलं फडकं घेऊन धावलो. सरांनी शांतपणे पुन्हा लिहिलं. म्हणाले, "रंग मारून टाक ना, मंग बदलवतो वाक्य." तेव्हापासून माझं नाव दिसलं रे दिसलं की मी फडकं काढायचो.

सरांच्या घरचे तरी सुटावेत? एकदा 'रन आउट ऑफ'चा नंबर होता. 'कमल हॅज रन आउट ऑफ शुगर.' सरांच्या बायको, कमलकाकू, फाटकातूनच कडाडल्या, "साखर आणाले सांगतली होती मी तुमाले, फळ्यावर लिवाले नाई!" दुपारपर्यंत चार घरांतून साखरेच्या वाट्या आल्या, आणि सरांनी त्या आपल्याच शिकवण्याच्या खात्यात जमा केल्या.

मागच्या महिन्यात काकूंना अटॅक आला. सावंगीच्या दवाखान्यात, आयसीयूत. फळा चार दिवस तसाच राहिला. पाचव्या सकाळी सर आंघोळीला घरी आले. परत निघताना ऑटो उभा ठेवून त्यांनी फळा पुसला आणि लिहिलं, 'पुल थ्रू : मोठ्या दुखण्यातून वाचणे.' पुढे हात थांबला.

"डॉक्टर काय म्हणतात, सर?"

"काई सांगता येत नाई म्हणते."

मी म्हटलं, "सर, आमच्या बाबांचं नाव टाका. मागल्या वर्षी टायफॉइडमधून उठले ते. एकदम खरं उदाहरण आहे."

सरांनी नकारार्थी मान हलवली. मग लिहिलं, 'कमल विल पुल थ्रू.' एरवी छापल्यासारखं अक्षर, आज ओळ खाली घसरत गेली.

"खरं नाई हे अजून," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले मालूम आहे." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांनी ते पुसलंही नाही. "पण हे पुसजो नोको, बाबू. बाकी कोणाचं बी पुस."

ऑटो गेला. संध्याकाळी आभाळ भरून आलं, तसा मी गच्चीवरची ताडपत्री काढून धावत सरांच्या कंपाउंडाशी गेलो. फळ्यावर कोणीतरी आधीच एक बांधून गेलं होतं, चारही कोपऱ्यांना गाठी मारून.