घरगुती स्मृतीची पाहणी

आर्थिक वर्ष संपण्याच्या आदल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, गृहोद्योग कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर असे एकमताने मान्य करण्यात आले, की ज्या राष्ट्राला स्वतःची स्मृती स्वतः घडवता येत नाही, ते राष्ट्र दुसऱ्याच्या आठवणींवर जगते. विधान इतके गंभीर होते, की चहा गार झाला तरी कोणी कपाला हात लावला नाही.

संगणकाच्या मेमरी चिप देशातच घडवण्याचा विषय वास्तविक अवजड उद्योगांचा. तो मेणबत्त्या, पायपुसणी व कापडी पिशव्या यांचे नियमन करणाऱ्या या कार्यालयात आला, याचे श्रेय अनुवाद विभागाचे. वरून आलेल्या आदेशातील ‘डोमेस्टिक’ या शब्दासाठी त्यांनी ‘देशांतर्गत’ न योजता ‘घरगुती’ योजला. (शब्दकोशात ‘घरगुती’ आधी येतो, आणि अनुवाद विभाग रांगेचा मान राखतो.) परिणामी राष्ट्राची ‘घरगुती स्मृती-उत्पादनक्षमता’ मोजण्याचे कार्य कार्यालयप्रमुखांच्या गळ्यात पडले. चूक कोणाच्या लक्षात आली नाही असे नव्हे. परंतु आदेशावर सही झालेली होती, आणि सहीनंतर चूक ही चूक राहत नाही, धोरण होते.

पाहणीसाठी पहिले घर निवडले ते मेणबत्तीवाल्या काकूंचे, कारण त्यांचा परवाना नूतनीकरणासाठी याच कार्यालयात अडकला होता. अट सुटसुटीत होती: घर स्मृती-उत्पादनास पात्र ठरले तर परवाना, न ठरले तर मेणाची भट्टी बंद.

चिप घडवण्यास धूळमुक्त खोली लागते, असे कळल्यावर काकूंनी लादी अशी घासली, की तिचा मूळ रंग घरच्यांना प्रथमच दिसला. कार्यालयप्रमुखांसोबत पाहणीला आलेल्या तज्ज्ञांनी (हे पूर्वी पायपुसण्यांचे तज्ज्ञ होते, धुळीचा अनुभव ग्राह्य धरण्यात आला) चौकटीवरून बोट फिरवले.

“धूळ नाही,” ते म्हणाले. “पण चिपही नाही.”

“अहो, मी मेणबत्त्या करते! ती चिप करते तरी काय?”

“लक्षात ठेवते,” कार्यालयप्रमुख म्हणाले.

“एवढंच? मग आमच्या सासूबाईंना विचारा की.”

विचारावे लागले नाही. “अरे, तू कोपऱ्यावरच्या टेलरचा धाकटा ना?” खुर्चीतून सासूबाई कार्यालयप्रमुखांना म्हणाल्या. “बहिणीच्या लग्नात दिवे लावायला आमची शिडी नेली होतीत. आणलीत परत?”

कार्यालयप्रमुखांनी छताकडे पाहिले. पुढे कपबशीचा कोणता संच कोणाच्या हातून फुटला, थोरल्या जावयाने कोणत्या दिवाळखोर मित्राची तारीफ केली होती, कोणत्या नणंदेने जेवताना ‘वा’ म्हटले नव्हते, हे सर्व तत्काळ उपलब्ध झाले. तज्ज्ञ हरखले. वीज गेली की परदेशी चिप सारे विसरते. हे यंत्र अंधारात अधिकच चालत असल्याचे शेजारणींनी दारातूनच प्रमाणित केले, आणि त्यांच्याकडील साठाही काही कमी नव्हता.

आता केवळ औपचारिकता म्हणून तज्ज्ञांनी अखेरचा प्रश्न टाकला. “मागच्या निवडणुकीत आपल्या गल्लीला काय कबूल केलं होतं?”

सासूबाईंनी काकूंकडे पाहिले. काकूंनी शेजारणींकडे.

“पूल होता ना?” एक म्हणाली.

“छे गं, कसलासा कारखाना.”

“पण उभं कोण होतं?”

(वाचकांनीही आठवून पाहावे. घाई नाही.)

काकूंनी घाबरून भट्टीकडे नजर टाकली. “साहेब, एवढ्यावरून बंद करणार?”

कार्यालयप्रमुखांनी खिशातून पेन काढून परवान्यावर सही केली.

“बंद कशाला? घरातलं सगळं लक्षात राहतं, देशाचं काहीच नाही. म्हणजे क्षमता घरगुतीच आहे, काकू. भाषांतर बरोबर होतं.”