मॅसेडोनियाची भावकी

राजशेखरनं मोबाइलवर नुसतं ‘भाव’ टाइप केलं आणि समोर दोन नावं आली. वर ‘भावकी’, खाली ‘भावे मॅडम’. घाईत अंगठा वरच्या नावावर पडला.

भावे मॅडम त्याच्या पीएचडीच्या गाइड. विषय, प्राचीन मॅसेडोनियाचं राजघराणं. त्या घराण्यात जो तो फिलिप नाहीतर अमिंतास, त्यामुळं मॅडमनी बजावलं होतं, सारांश पाठव पण नावं घालू नको, माझं डोकं फिरतं. त्यानं आज्ञा तंतोतंत पाळली होती. ‘चुलत्यानं पुतण्याची गादी बळकावली. पुढं मुलीच्या लग्नातच, सगळ्या पाहुण्यांदेखत चुलत्याचा खून. अंगरक्षकच फितूर. चुलता पुतण्याला शेवटपर्यंत घाबरून होता.’

‘भावकी’ म्हणजे घरचा ग्रुप. त्यात अठ्ठावीस माणसं, आणि येत्या रविवारी सोमलिंगकाकांच्या मुलीचं, रक्षिताचं लग्न. वडील गेल्यावर राजशेखरला लहानाचं मोठं केलं ते याच काकांनी. त्याच्या वाटणीचं शेतही तेच कसत होते. चूक कळली तेव्हा त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यानं मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकला.

तेच अंगाशी आलं. वाचून झालेला मेसेज पुसला, म्हणजे पोराच्या मनात काळंबेरं आहे, हे पार गावी, कागलपर्यंत पक्कं झालं. दोन आत्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. पाठोपाठ चन्नम्माकाकूचा फोन आला. ती रडत होती.

“काय कमी केलं रं तुला आमी? शेतच पायजे हुतं तर तोंडानं मागायचं की.”

“काकू, त्यो मॅसेडोनियाचा राजा हाय. तेवीसशे वर्सामागं मेलाय.”

“मग त्याचं आज कशाला काढलास?”

या प्रश्नाला पीएचडीच्या समितीपुढंही त्याला कधी धड उत्तर देता आलं नव्हतं.

काका फोन घेईनात. शेवटी तो पुस्तकं आणि नकाशे घेऊन कागलला गेला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मारणारा त्याच्या विश्वासातलाच हुता न्हवं?”

राजशेखर पडला अभ्यासक. खोटं बोलवेना. “व्हय,” तो म्हणाला.

परतताना एसटीत बसून त्यानं तो सारांश मॅडमना पाठवला. या वेळी नाव तीनदा वाचून.

रविवारी लग्नात काकांनी त्याला जवळ बोलावलं आणि दिवसभर नजरेआड होऊ दिलं नाही. काकांनी माफ केलं, या विचारानं त्याला भरून आलं. पंगतीलाही शेजारीच बसवलं. गव्हाच्या खिरीची, गरम हुग्गीची वाढप झाली. काकांनी आपलं ताट त्याच्यापुढं सरकवलं.

“आधी तू खा.”

“काका, माझं ताट हाय की.”

“माझ्यातलं खा.”

लहानपणी ज्या हातानं घास भरवला, तोच हात ताट पुढं ढकलत होता. राजशेखरनं त्यातला एक घास खाल्ला. तेवढ्यात फोन वाजला. मॅडमचा मेसेज होता. ‘सारांश वाचला. पण सख्खा चुलता पुतण्याला एवढा घाबरेल, हे पटत नाही. पुरावा जोड.’

त्यानं मान वर केली. काका ताटाला हात न लावता मनगटावरच्या घड्याळात बघत होते.