दीड शिंगाची तक्रार

ऋतिका घाडीगावकर सोमवारी सकाळी दहा वाजता भांडुपच्या नागरी अभिलेख उपकार्यालयात रुजू झाली, तेव्हा तिला बसायला खुर्ची नव्हती. खुर्ची हा कायम कर्मचाऱ्याचा हक्क. ऋतिका पडली इंटर्न. म्हणजे काम निघालं की कर्मचारी आणि चहा आला की पाहुणी. शिपाई सहदेव परब यांनी जुन्या तक्रारींचे सहा गठ्ठे एकावर एक रचले आणि वरची धूळ टोपीने झटकली.

"बस गो बाय हेच्यार. पडूचंस नाय."

"आणि स्कॅन काय करायचंय, काका?"

"ह्येच."

तेव्हा ज्याच्यावर बसायचं त्यातूनच कागद काढायचे आणि संगणकात घालायचे, अशी व्यवस्था होती. रोज ऋतिका चार बोटं खाली जायची. हेडक्लार्क शरच्चंद्र टिपणीस यांना प्रगतीचा अहवाल मागवावा लागत नसे. ते दारातूनच बघत आणि म्हणत, "टेबलाला हनुवटी लागली का? छान. वेग समाधानकारक आहे."

वेग असणारच. कॉलेजचा नियम होता की एकशेवीस तास प्रत्यक्ष काम, त्याचं प्रमाणपत्र आणि त्यावर चार क्रेडिट. प्रमाणपत्र नाही तर डिग्री नाही आणि डिग्री नाही तर मालाडच्या ऑफिसात एक तारखेपासून लागलेली नोकरीही नाही. एका कागदासाठी ती हजारो कागद उपसत होती.

स्कॅनर कागदाची एकच बाजू घ्यायचा. "मागच्या बाजूचं काय करू, सर?"

"मागच्या बाजूंचं टेंडर स्वतंत्र निघणार आहे," टिपणीस म्हणाले. "तू पुढे पुढे चल."

ती पुढे चालली आणि मोबाइल नंबरच्या रकान्याला ठेचकाळली. तो भरल्याशिवाय संगणक तक्रार स्वीकारेना.

"सर, ही तक्रार अठ्ठ्याऐंशी सालची आहे. तेव्हा मोबाइल नव्हते."

"मग तक्रार अपूर्ण आहे. पूर्ण कर."

"दहा शून्यं टाकू?"

टिपणीसांनी चष्मा काढला. असा प्रश्न त्यांच्या एकतीस वर्षांच्या सेवेत कुणी तोंडावर विचारला नव्हता. "शासकीय अभिलेखात खोटी माहिती? नंबर खराच हवा. चालू हवा."

ऋतिकाला तोंडपाठ असलेला खरा आणि चालू नंबर एकच होता. तिने स्वतःचा टाकला. अकराशे त्रेचाळीस वेळा टाकला.

तिसऱ्या आठवड्यात शेवटचा गठ्ठा संपला. ऋतिका जमिनीवर पोचली आणि त्याच दुपारी संगणकाला जाग आली. सगळ्या तक्रारी याच तीन आठवड्यांत भरल्या गेल्या होत्या, म्हणून त्याच्या मते सगळ्या ताज्या होत्या. ताज्या तक्रारीला सात दिवसांची मुदत असते. मुख्य कार्यालयातून फोन आला. टिपणीस उभं राहून ऐकत होते.

"हो साहेब... एकाच नंबरवरून? अकराशे त्रेचाळीस? सराईत दिसतोय कुणीतरी. हो, काळ्या यादीत टाकतो. नंबर सांगा." त्यांनी नंबर लिहून घेतला आणि लगेच फिरवला. टेबलाखाली ऋतिकाचा मोबाइल वाजला.

"उचलू नकोस," टिपणीस म्हणाले, "मी एका महत्त्वाच्या फोनवर आहे."

"सर, तो तुमचाच आहे."

उलगडा झाल्यावर टिपणीस रागावले नाहीत, कारण रागावण्याचा अधिकार उपअभियंता आणि त्यावरील पदांना असतो. त्यांनी फक्त परिपत्रक वाचून दाखवलं. इंटर्नचं प्रमाणपत्र संगणक काढतो. प्रलंबित तक्रारींची संख्या शून्य झाल्याशिवाय तो ते काढत नाही.

"वाट लागली," ऋतिका म्हणाली.

"वाट लागायला सात दिवस आहेत," टिपणीस म्हणाले. "नियमात बसेल तसं करू."

नियम असा होता की तक्रार निकाली काढायला त्याच जागेवरचे दोन फोटो लागतात, 'आधी' आणि 'नंतर'. मग तक्रारदाराच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो त्याने सांगितला की तक्रार मिटली. ओटीपीची चिंता नव्हती, तक्रारदार जमिनीवरच बसली होती. खड्डे तर फारच सोपे गेले. एक्क्याण्णव सालचे खड्डे जागच्या जागी होते. 'आधी'च्या फोटोत खड्डा असे आणि 'नंतर'च्या फोटोत त्याच खड्ड्यात सहदेवकाका उभे असत.

"आता खड्डो खंय दिसता?" ते अभिमानाने विचारत.

सहा दिवसांत अकराशे बेचाळीस तक्रारी मिटल्या. उरली एक. खोतकर चाळ, खोली नंबर सातच्या सुनंदा रेवाळे यांनी एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली लिहिलं होतं की, दारासमोर एक म्हैस बांधलेली असते, तिचं डावं शिंग अर्धं मोडलेलं आहे आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयाने बघते.

म्हैस केव्हाच गेली होती. तीच अडचण होती. म्हैस नाही म्हणजे 'आधी'चा फोटो नाही, आणि 'आधी' नाही म्हणजे 'नंतर' नाही.

"सर, आता तिथे म्हैस नाही म्हणजे तक्रार मिटलेलीच आहे ना?"

"मिटली आहे. निकाली निघालेली नाही," टिपणीस म्हणाले. "म्हैस आणावी लागेल."

सातव्या दिवशी सकाळी सहदेवकाकांनी जोगेश्वरीच्या तबेल्यातून टेम्पोत घालून एक म्हैस आणली. दीड शिंगाची होती. तिघे तिला घेऊन नकाशावरच्या नेमक्या जागी निघाले. खोतकर चाळीच्या जागी आता बावीस मजल्यांचं 'खोतकर इम्पीरिया' उभं होतं आणि खोली नंबर सातसमोरची जागा नकाशात दुसऱ्या मजल्यावरच्या जिममध्ये पडत होती.

गेटवर वॉचमन खंडूने हातातला मोबाइल पुढे केला. "नोंद केल्याबिगर आत सोडता येत न्हाई. पाहुणे, घरकाम का डिलिव्हरी?"

तिघांनी म्हशीकडे बघितलं. तिने खंडूकडे संशयाने बघितलं.

"डिलिव्हरी," ऋतिका म्हणाली.

"कशाची?"

"दूध."

"फ्लॅट?"

खोली नंबर सातला नव्या इमारतीत चौदाशे सात मिळाला होता. खंडूने निरोप वर पाठवला. दोन सेकंदांत मंजुरी आली आणि म्हैस सामानाच्या लिफ्टने कायदेशीररीत्या दुसऱ्या मजल्यावर गेली.

जिममध्ये एक गृहस्थ पट्ट्यावर धावत होते. शेजारी म्हैस उभी राहिलेली बघून त्यांनी वेग वाढवला. ऋतिकाने फोटो काढला. इतक्यात दारात सत्तरी उलटलेल्या एक बाई रिकामं पातेलं घेऊन उभ्या राहिल्या.

"वॉचमन म्हणाला दूध जिममध्ये गेलंय. मघाशी हो म्हटलं, ते अजून वर का नाही आलं?" त्यांनी विचारलं. मग त्यांना म्हैस दिसली. "अगं बाई!"

"आजी, तुम्ही सुनंदा रेवाळे?" ऋतिकाला हायसं वाटलं. "तुमच्या तक्रारीची दखल घेतलीय. ही ती म्हैस."

आजींनी म्हशीला प्रदक्षिणा घातली. "ही ती नव्हे. तिचं डावं शिंग मोडलं होतं. हिचं उजवं आहे."

धावणाऱ्या गृहस्थांचा पट्टासुद्धा थांबला. टिपणीसांनी ऋतिकाच्या हातातून मोबाइल घेतला आणि फोटो आडवा उलटवला. शिंग डावं झालं. भिंतीवरची पाटी उलटी झाली, पण पाट्या कोण वाचतं?

"आणि काय हो," आजी म्हणाल्या, "म्हशीचं काय घेऊन बसलात? ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी म्हशीचं लिहिलं ते गटार कुठे आहे ते कळावं म्हणून. मागच्या पानावर लिहिलं होतं सगळं. गेटापाशी गटारावर झाकण नाही. तेव्हा माझा निलेश पडला, गेल्या जूनमध्ये त्याची मुलगी पडली. झाकण बसवणार आहात का?"

ऋतिकाला मागचं पान आठवलं. स्कॅनरमधून काढताना तिने ते बघितलं होतं, अगदी ठळक अक्षर होतं. आता ते भरायचं म्हणजे नवी तक्रार, नवी तक्रार म्हणजे प्रलंबित एक, आणि प्रलंबित एक म्हणजे मालाड नाही.

"आजी, तुमचं म्हणणं रास्त आहे," टिपणीस अदबीने म्हणाले, "पण अभिलेखानुसार तक्रारदार तुम्ही नाही. ही आहे."

"ही? ही जन्मली तरी होती का तेव्हा?"

"नंबर तिचा आहे."

म्हशीला बाहेर नेऊन रिकाम्या जागेचा 'नंतर'चा फोटो काढला गेला. ऋतिकाच्या मोबाइलवर सहा आकडे आले. आजी तिच्याकडे बघत होत्या. म्हैसही लिफ्टच्या दारातून बघत होती, आणि तिचा संशय आता पहिल्यांदाच रास्त होता.

"सांगू नको गं," आजी म्हणाल्या. "माझी तक्रार आहे ती."

ऋतिकाने जिमच्या छताकडे बघत सहा आकडे सांगितले. मग मेसेज आला: 'आपण निराकरणाबाबत समाधानी आहात का? होय असल्यास १ दाबा.' तिने एक दाबला. संध्याकाळी प्रमाणपत्र आलं. त्यावर तिचं आडनाव चुकलं होतं, पण दुरुस्तीसाठी तक्रार करावी लागणार होती, म्हणून ती गप्प राहिली.

पुढच्या वर्षी मागच्या बाजूंचं टेंडर निघालं आणि सम्यक नावाचा नवा इंटर्न आला. मुलगा हुशार. टिपणीसांनी त्यालाही नंबर खरा हवा, चालू हवा असं बजावलं. त्याने स्वतःचा टाकला नाही. तो संध्याकाळी दुकानांत बिलाच्या रांगेत उभा राहायचा. तिथे माणसं आपापला नंबर मोठ्याने, दोनदा, स्वतःहून सांगतात. तुमच्या मागे जो काळी बॅग घेतलेला मुलगा होता ना, तोच.

खोतकर इम्पीरियासमोरच्या गटाराची तक्रार हल्ली तुमच्या नावावर आहे. गेल्या मंगळवारी तुम्ही जेवत असताना कुणीतरी फोन करून ओटीपी विचारला. कुठल्यातरी पार्सलचा असेल म्हणून तुम्ही तो सांगितलात. पाठोपाठ मेसेज आला, तो न वाचताच तुम्ही एक दाबलात.

झाकण अजून बसलेलं नाही. पण तुम्ही समाधानी आहात, तशी नोंद आहे.