‘बंद’ टाइप केलं की बंद

जे. पी. नगरातल्या आमच्या सोसायटीची घोषणायंत्रणा मी लिहिली. जावा या संगणकाच्या भाषेत, एकट्यानं! टँकर आला की ती भोंग्यावरून तीनदा सांगायची आणि गप्प बसायची. पोरं वायरी उपसतात म्हणून सेक्रेटरी हणमंतरावांनी संगणक, अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरी लोखंडी कपाटात कोंडली होती. बाहेर फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड. किल्ली त्यांच्या करगोट्याला.

रविवारी सकाळी हणमंतरावच गेले.

"तीनदा सांगून कुणाला कळणार?" मी म्हणालो. "कुणी 'बंद' टाइप करेपर्यंत चालेल असं करतो. चुकून थांबायला नको म्हणून बाकी सगळ्या वाटाही बुजवतो!"

"कर बाबा," त्यांच्या पत्नी वीणाकाकू म्हणाल्या. "पण मुग्धा देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरलीय. तिला नुसतं बाबा सीरियस आहेत म्हणून सांगितलंय. ती यायच्या आत थांबव. मी जवळ बसवून सांगेन तिला."

"एका शब्दाचं काम, काकू!"

"हणमंतराव यांचं दुःखद निधन. अंत्ययात्रा बारा वाजता." सगळे खाली जमले. मी 'बंद' टाइप केलं.

"हणमंतराव यांचं दुःखद निधन..."

पुन्हा टाइप केलं. मग बोटं दुखेपर्यंत. भोंगा शोकसभेतल्या पुढाऱ्यासारखा सुटला होता!

वॉचमन नागराजनं मेन स्विच पाडला. लिफ्ट थांबली, पंखे थांबले. भोंगा मात्र चालूच. बॅटरी माझ्याच सूचनेवरून घेतलेली!

"किल्ली!" मी तिरडीकडे धावलो.

"अहो, आंघोळ झालीय अण्णाची!" हणमंतरावांचे धाकटे भाऊ हयवदन आडवे आले. "करगोटा स्मशानात तोडतात, इथं नाही!"

काकू फोनवर होत्या. "देवनहळ्ळी सोडलंस? कुठवर आलीस गं? बाबा? झोपलेत." दर थोड्या वेळानं हेच. मग फोनवर हात ठेवून त्या दिराला म्हणाल्या, "तोडा. जिवंतपणीही ती किल्ली सहज मिळाली नाही कधी."

"सर, लवकर! गाडी वळली!" फाटकावरून नागराज ओरडला.

मी कपाट उघडून वायर ओढली. शांतता! फाटकातून गाडी आत आली. मुग्धा उतरली ती सरळ आईच्या गळ्यात पडली.

"बाळ, बाबा..." काकू तिला जवळ बसवू लागल्या.

"माहितीय, आई. तू फोन केलास की दर वेळी मागून ऐकू येत होतं."

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

चूक एका ओळीत होती. जावात दोन शब्दांमध्ये दोन बरोबरची चिन्हं टाकली की अक्षरं जुळतात का, हे तपासलं जात नाही. दोन्ही शब्द म्हणजे एकच वस्तू आहे का, हे तपासलं जातं. मी टाइप केलेला 'बंद' आणि प्रोग्राममधला 'बंद' जुळ्या भावांसारखे, म्हणजे दोन वेगळे! तेराव्याच्या आत मी दुरुस्ती केली. आता 'बंद' टाइप केलं की यंत्रणा त्या क्षणी थांबते.

हे मी कमिटीला उत्साहानं दाखवायला गेलो. टँकरसाठी कमिटीनं नागराजला शिट्टी घेऊन दिली होती.