हसरा फोटो

"बा, आज एक माणूस घर बघायला येईल. घाबरू नका हं," असं सांगून तीर्थ कामावर गेला आणि त्या 'घाबरू नका'नेच त्याचे वडील पदमलाल रिजाल घाबरले. भूतानातून नेपाळी बोलणाऱ्यांना हाकललं, तेव्हा गावचा मुखियाही नेमकं हेच म्हणाला होता.

ओहायोतलं हे घर तीर्थने गोदामात राबून आणि सून देउकाने हॉटेलातल्या चादरी बदलून घेतलं होतं. आता त्याच घरावर कर्ज काढून किराणा दुकान टाकायचं होतं. त्यासाठी घराची किंमत ठरवायला बँकेचा माणूस येणार होता. पण कर्ज म्हटलं की म्हाताऱ्याची झोप उडेल, म्हणून बांना एवढं सांगायचं सगळ्यांनीच टाळलं होतं.

माणूस आला. उंच, गोरा, हसतमुख. त्याने भिंती मोजल्या, छप्पर न्याहाळलं. मग अंगणात जाऊन कॅमेरा काढला आणि दारातल्या बांना बघून गमतीने स्वतःच्या ओठांच्या कोपऱ्यांना दोन बोटं लावली. हसा!

बांनी ती खूण ओळखली. तिकडे शिपायानेही हीच खूण केली होती. घर, बैल, संत्र्यांची बाग सगळं राजीखुशीने सोडतोय, अशा कागदावर अंगठा घेतला होता आणि पुरावा म्हणून हसरा फोटो. समोर बंदूक होती. बा हसले होते.

आताही ते हसले. उरलेले सगळे दात दाखवून हसले.

माणूस गेल्याबरोबर ते कामाला लागले. मागच्या वेळी लोणच्याची बरणी राहून गेली होती, म्हणून या वेळी आधी बरणी बाहेर काढली. मग तांदळाचं पोतं, कुकर, देव.

शेजारचे भक्तबहादुर राई, सगळ्या गल्लीसारखे तेही भूतानातून हाकललेले, कुंपणावरून डोकावले. "रिजाल दाजू, हे काय मांडलंय?"

"फोटो झाला."

"हसरा?"

"हसरा."

राईंनी पुढे विचारलं नाही. आत जाऊन ओरडले, "अगं ए, गाठोडी बांध!" दुपारपर्यंत सगळी गल्ली गवतावर आली. कोपऱ्यावरचे गुरुंग तर कपडे धुण्याचं यंत्र उचलताना कंबर धरून बसले. तेवढ्यात तुलनेसाठी आसपासच्या घरांचे फोटो घ्यायला तो माणूस परत आला. लोक वस्ती सोडून चाललेत, असं त्याने लिहिलं आणि घराची किंमत धाडकन खाली आली.

संध्याकाळी तीर्थ आला. "बा! निघालात कुठं?"

"ते तू सांग. या वेळी ट्रक कुठं नेणार आहेत?"

तीर्थला हसू फुटलं आणि लगेच विरलं. "बा, घर आपलंच आहे. त्याच्या भरवशावर बँक आपल्याला पैसे देणारे."

"घर न घेता?"

"न घेता."

बा गाठोड्यावर बसले. "मग तेव्हा मी हसलो कशाला रे?"

ते कुठल्या घराबद्दल बोलताहेत हे तीर्थला कळलं. तो नुसता त्यांच्या शेजारी बसला.

तीर्थने बँकेत जाऊन हातापाया पडून माणसाला पुन्हा बोलावलं. या वेळी सगळं घर दारात उभं राहिलं. माणसाने परत ओठांना बोटं लावली.

"बा, हसा ना जरा. बिचारा आपल्यासाठी आलाय."

बांनी चौकट घट्ट धरली. "हसून एक घर गेलं, बाळा. आता माझ्याच्याने व्हायचं नाही."

कर्ज मंजूर झालं. बँकेकडून मागून आणलेला तो फोटो आता दुकानात गल्ल्यामागे लावलेला आहे. हे आजोबा कुणावर एवढे चिडलेत, असं गिऱ्हाईकं विचारतात.

"चिडले नव्हते," तीर्थ सांगतो. "घर राखत होते."