चार तोंडांचा नकाशा

रोहिणी मोकल माहेरी रोह्याला गेलीच नव्हती. ही गोष्ट या जगात तिघांनाच माहीत होती: ती स्वतः, नागोठण्याच्या कंपनीत शिफ्ट करणारा तिचा नवरा हर्षद आणि नववीतली मुलगी भूमिका. धरमतर खाडीकाठच्या त्यांच्या गावाच्या मते ती दहा दिवस आईकडे राहून आली होती. प्रत्यक्षात ती मुंबईच्या एका डॉक्टरांकडे जाऊन पोटावरची चरबी नळीने ओढून काढून आली होती.

यात हसण्यासारखं काही नाही. भूमिकाच्या जन्माला चौदा वर्षं झाली तरी रोहिणीचं पोट मागे हटायला तयार नव्हतं. हळदीकुंकवाला बायका न चुकता विचारायच्या, "कितवा लागला गो?" एकदा तर पेणच्या एसटीत एक सत्तरीची म्हातारी उठून उभी राहिली आणि तिने रोहिणीला जागा दिली. रोहिणी त्या जागेवर बसली, खिडकीकडे तोंड करून वडखळपर्यंत रडली, आणि उतरताना तिचा निर्णय झाला होता. पण हे गावात फुटलं असतं, तर लोक मरेपर्यंत तिला त्यावरून हसले असते. आणि सासरे केरू मोकल! चाळीस वर्षं मिठागरावर मुकादमी केलेला, कधी तापाची गोळीसुद्धा न घेतलेला माणूस. त्यांच्यासमोर ती कोणत्या तोंडाने उभी राहिली असती?

डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, "चरबी गेली तिथे आता पाणी साचेल. लसिका म्हणतात त्याला. पट्टा बांधून ठेवायचा आणि पाण्याला वाट दाखवायची. आधी काखा आणि जांघा हलक्या हाताने मोकळ्या करायच्या, मग पोटावरचं पाणी तिकडे सारायचं. जोर अजिबात लावायचा नाही. पाणी किती प्यायलात तेही लिहून ठेवा."

"मी करते!" भूमिका म्हणाली. ती नुकतीच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि तेव्हापासून आपल्याला जमणार नाही असं काही उरलंय यावर तिचा विश्वास नव्हता. तिने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून मोठ्या ड्रॉइंग पेपरवर छान आकृती काढली. आजाच्या हाती लागली तर? म्हणून तिने हुशारी केली. पोट, काख, जांघ असा एकही शब्द लिहिला नाही. डोक्याकडे 'उत्तर' लिहिलं, पायांकडे 'दक्षिण'. बेंबीच्या जागी नुसता गोल. चार कोपऱ्यांत चार तोंडं, आणि गोलापासून त्यांच्याकडे जाणारे निळ्या पेन्सिलीचे बाण. खाली सुवाच्य अक्षरात: 'आधी चारही तोंडे मोकळी करावीत. मग पाणी हळू सारावे. रोज दोनदा.'

आता हा कागद कोणाला पोटाचा वाटेल? कोणालाच नाही. अडचण नेमकी तीच झाली.

त्या श्रावणात गावाच्या भातशेतीत पाणी तुंबलं होतं. ओहोटी लागली तरी बांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, ते खाडीत उतरत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी पेणहून एक सरकारी साहेब जीपमधून येऊन बांध बघून गेले होते आणि 'नकाशा पाठवतो' म्हणाले होते. मंगळवारी भूमिका घाईत शाळेला गेली, कागद ओटीवरच्या टेबलावर राहिला, आणि दहा वाजता केरू मोकलांनी चष्मा लावला.

ते उभ्या उभ्याच कागद वाचत राहिले. मग टोपी घालून थेट देवळात गेले आणि त्यांनी पंचांना गोळा केलं.

"सायबांचा नकाशा आला. आनि ऐका, मानूस जाणता हाय. आधी तोंड मोकलं करा म्हनतो, मंग पानी सोडा. रोज दोनदा. म्हनजे दोन ओहोट्या! पेनात बसून यवढं कोनाला कलतं?"

सरपंच दत्तात्रेयांनी कागद उत्तरेकडे फिरवून धरला. "पन मधला यो गोल कशाचा?"

"तलाव."

"आपल्याकडं तलाव कुठं हाय?"

"नसंल तर खनायचा आसंल. सरकारी काम हाय."

मोजमाप झालं. चार ठिकाणी बांध फोडायचा आणि मध्ये तलाव खणायचा, असं ठरलं. बुधवारी सकाळी ओहोटी लागली की घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर! आणि तो गोल बरोबर शेजारच्या ठमाबाईच्या शेतात पडला.

भूमिका शाळेतून आली तेव्हा आई पलंगावर पट्टा धरून बसली होती आणि पडवीत ठमाबाई रडत होती. "यवढ्या शिवारात माजंच शेत घावलं गो त्या नकाशातल्या गोलाला! पोटरीला आलेलं भात हाय. मी वर्षभर खाऊ काय, तलाव?"

भूमिका धावतच आजाकडे गेली. "आजा, तो साहेबांचा नकाशा नाय! मी काढलाय, भूगोलाचा!"

केरू मोकलांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग त्यांचे डोळे भरून आले.

"तू काडलास? मुकादमाची नात शोभलीस गो!" आणि ते सांगायला परत देवळाकडे निघालेसुद्धा. संध्याकाळपर्यंत बांध फोडायचा बेत तसाच राहिला होता, उलट तलावापाशी भूमिकाच्या हस्ते नारळ फोडायचं ठरलं होतं.

"आई, आता काय करायचं?" भूमिकाने विचारलं. पहिल्यांदाच तिला काही सुचत नव्हतं.

रोहिणीने पदर सारखा केला. चार ठिकाणी बांध फुटला की भरतीचं खारं पाणी आत शिरणार, आणि गावाचं सगळं भात जळणार, हे रोह्याहून आलेल्या सुनेलाही कळत होतं. ती ओटीच्या दारात जाऊन उभी राहिली. सासरे फावड्याचा दांडा ठोकत होते.

"मामा, उद्याचं काम थांबवा."

"कशाला गो?"

"तो नकाशा शेताचा नाय."

"मंग?"

"माझ्या पोटाचा हाय."

दांडा ठोकायचा थांबला. केरू मोकलांनी खिशातला कागद उलगडला. आधी कागदाकडे पाहिलं, मग खाडीकडे. सुनेकडे मात्र पाहिलं नाही. ते वागायला रीतीचे होते.

"यो गोल?"

"बेंबी."

"ठमाबाईचं शेत," ते स्वतःशीच म्हणाले.

मग रोहिणीने सगळं सांगितलं. रोह्याचं खोटं, मुंबई, नळी, पट्टा. एसटीतली म्हातारीसुद्धा सांगितली. त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"दुकतं का?"

"थोडं."

"पानी उतरतंय?"

"उजवीकडचं उतरतंय. डावीकडं अडतंय."

"आडनारच. पोरीनं डावे बाण आखूड काडलेत. तोंडापत पोचतच नाय पानी." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून ते बाण लांबवले. "आनि तिला सांग, हात वरच्या वर फिरव. खालचा चिखल हलवायचा नाय."

"मामा, लोकांना काय सांगाल?"

"बगतो," ते म्हणाले आणि पुन्हा दांडा ठोकू लागले.

बुधवारी सकाळी बांधावर पन्नास फावडी जमली. रोहिणी आणि भूमिका बायकांच्या मागे उभ्या होत्या. केरू मोकल उंचवट्यावर चढले.

"फावडी खाली ठेवा. यो नकाशा बांधाचा नाय. पोटाचा हाय."

"कोनाच्या?" दत्तात्रेयांनी विचारलं.

भूमिकाने आईचा हात घट्ट धरला.

"माज्या."

पन्नास माणसांनी केरू मोकलांच्या पोटाकडे पाहिलं. ते इतकं आत गेलेलं होतं की धोतर कमरेवर टिकवायला त्यांना दोन गाठी माराव्या लागत.

"केरूदादा, तुला पोट हाय कुठं?"

"आत हाय. पानी आत धरलंय. वरनं दिसत नाय. सून डॉक्टरला इचारून आली, तिनं नातीकडनं नकाशा काडून घेतला. मी घाबरीन म्हनून मला बोलल्या नाय, आनि मी त्याला बांधाचा समजलो."

कोणी हसलं नाही. काहींनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. ठमाबाई तर त्यांचे पायच धरायला धावली. "शेत वाचलं रे दादा, पन तू वाच!" फावडी आणलीच होती, म्हणून केरू मोकलांनी सगळ्यांना जुन्या उघाडीचं गाळाने बुजलेलं तोंड साफ करायला लावलं. दुपारच्या आत शेतातलं पाणी खळखळत खाडीकडे निघालं. पण आता गावाचं लक्ष पाण्यात नव्हतं. गावाचं लक्ष केरूदादांच्या तब्येतीत होतं.

संध्याकाळी धोंडुबाई आली. गावातलं प्रत्येक बाळ तिच्या हाताखालून गेलेलं. तिने केरू मोकलांना ओटीवर आडवं केलं आणि गुडघा टेकवून असं काही रगडलं की खाडीवरचे बगळे उडाले. मग हात पुसत तिने निकाल दिला. "पोटात पानी म्हनजे मीठ बंद. चिमूटभरसुद्धा नाय. पानी मोजून चार पेले. बायांनो, पालीपालीनं अलनी जेवन आना, आनि समोर बसून खायला घाला. पुरुषमानसाचा भरोसा नाय."

ज्या माणसाने चाळीस वर्षं मीठ पिकवलं, तो माणूस अळणी आमटी जेवू लागला. रोज सकाळी ओटीवर धोंडुबाई आणि केरू मोकल, आणि त्याच वेळी आतल्या खोलीत दार लावून भूमिका आणि रोहिणी. बाहेरून "मेलो गो!" ऐकू येई, आत सगळं शांत. भूमिका लांबवलेल्या बाणांच्या वाटेने आईच्या पोटावर तळवा फिरवायची, आणि तिसऱ्या आठवड्यात रोहिणीचा पट्टा एक हूक आत गेला.

त्या दिवशी पाळी ठमाबाईची होती. तिने खास वालाचं बिरडं केलं होतं, अर्थात अळणी. केरू मोकलांनी पहिला घास तोंडात घातला आणि तो तोंडातच फिरवत राहिले. ठमाबाई भाताचं पातेलं आणायला उठली तसे ते हळूच म्हणाले, "सूनबाय, तुजं पानी उतरलं का?"

"उतरतंय मामा. डॉक्टर म्हणाले, अजून चार आठवडे तरी लागतील."

त्यांनी डोळे मिटून घास गिळला. "त्याला म्हनावं, जरा घाई कर."

"काय म्हनतोस दादा?" ठमाबाईने पातेलं खाली ठेवत विचारलं.

"काय नाय," केरू मोकल म्हणाले. "बिरडं झकास झालंय."

ठमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने पानात आणखी दोन पळ्या वाढल्या.